वल्ह्याचे दोन थेंब

मावशींनी फोन ठेवला, तोही घाईत उलटाच, आणि तशाच उठून आल्या.

"अहो, चूपसाहेबांचा फोन होता," त्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "'घाटावरची मावशी' पुन्हा होणार आहे. नगरगृहात, लोकांसमोर. जिवंत."

"कोण जिवंत?" गॅलरीतून धडामरावांनी विचारलं.

"आपण. तुम्ही, मी आणि ते, तिघं अजून जिवंत आहोत म्हणून तर करायचं म्हणतायत."

धडामराव झाडांना पाणी घालायची झारी तशीच हातात घेऊन आत आले. झारी जमिनीवर गळत होती. एरवी मावशींनी त्यावरून दोन शब्द सुनावले असते. आज त्या नुसत्या त्या गळण्याचा आवाज ऐकत उभ्या राहिल्या.

"नदी कुणाची?" धडामरावांनी विचारलं.

"तिथली तरुण मंडळी म्हणत होती, कॉम्प्युटरमधून तयार नदी लावू. चूपसाहेब म्हणाले, नदी धडामची, नाहीतर नाटक नाही."

धडामरावांनी झारी खाली ठेवली, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"माझं घमेलं कुठे आहे?" ते म्हणाले.

आता मावशी म्हणजे काही कुणाची सख्खी मावशी नव्हे, आणि धडाम हे काही कुणी बारशाला ठेवलेलं नाव नव्हे. दोन्ही नावं रेडिओ केंद्रात चिकटली आणि मग कायमचीच झाली. त्या काळी रविवारची सकाळ म्हणजे 'घाटावरची मावशी'. नदीच्या घाटावर एकटी राहणारी एक वृद्ध बाई, आणि दर रविवारी नावेतून उतरणारा एक नवा पाहुणा, त्याची एक नवी कथा. इतकंच. पण त्या अर्ध्या तासात रस्त्यावर कुत्रं फिरकत नसे. घराघरांतून एकच आवाज यायचा, त्यामुळे उशीर झालेल्या माणसाला चालता चालता सुद्धा अख्खं नाटक ऐकू यायचं, या खिडकीतून त्या खिडकीपर्यंत.

त्या वृद्ध मावशीचं काम करणारी मुलगी तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेली, दोन वेण्या घालून सायकलवरून यायची. घसा खाली दाबून, श्वास अर्धवट सोडून ती म्हातारी व्हायची. पहिल्याच महिन्यात दारावरच्या पहारेकऱ्यापासून केंद्रप्रमुखांपर्यंत सगळे तिला मावशी म्हणायला लागले. लग्नात सुद्धा चूपसाहेबांनी अक्षता टाकताना 'मावशी, सुखी राहा' असा आशीर्वाद दिला आणि मांडवातले निम्मे लोक हसले. चूपसाहेब म्हणजे दिग्दर्शक. लाल दिवा लागण्याआधी ते काचेपलीकडून एकच शब्द बोलायचे, "चूप." त्यावरून त्यांचं नाव पडलं.

आणि धडामराव ध्वनीवाले. नारळाच्या करवंट्यांचे घोडे, पत्र्याची वीज, कागद चुरगाळून पेटवलेली आग, सगळं त्यांच्या हातचं. एकदा बातम्या चालू असताना, एका थोर माणसाच्या निधनाचं वृत्त वाचलं जात असताना, त्यांच्या हातून विजेचा पत्रा निसटला. त्या दिवसापासून ते धडाम. त्यांचं अजूनही म्हणणं असं, की पत्रा पडला नाही, त्याने श्रद्धांजली वाहिली.

पण त्यांची खरी ख्याती नदीची. घमेल्यात तिरका पत्रा, पत्र्यावर ओलं फडकं, आणि वरून रबरी नळीने पाणी. "पाण्याचा आवाज पाणी काढत नाही," ते शिकाऊ लोकांना सांगायचे. "पाणी ज्याच्यावर पडतं ते काढतं." दर भागाची सुरुवात ठरलेली. आधी नदी. मग वल्ही. मग वल्हं पाण्याबाहेर येऊन नावेवर टेकायचं, आणि त्याच्या पात्यावरून पाणी निथळायचं. टप, टप, लागोपाठ दोन थेंब, मग एवढीशी उसंत, आणि उशिराने एक तिसरा. तो तिसरा पडला की मावशीने म्हणायचं, "आज कुणाला आणलंस गं नदी?"

कागद बघायचा नाही, खूण बघायची नाही. थेंब ऐकायचा आणि बोलायचं. कित्येक वर्षं दर रविवारी मावशींनी हे केलं होतं. पुढे केंद्राने त्या टेपांवर क्रीडास्पर्धांची समालोचनं भरली, आणि ती नदी फक्त धडामरावांच्या मनगटात तेवढी उरली.

इतकं सगळं छान होतं. घोडं अडलं होतं ते दुसरीकडे.

गेली दोन वर्षं धडामरावांची प्रोस्टेट वाढली होती. ज्याने गावभर नदी वाहवली तो माणूस घरात थेंबाथेंबाने दिवस काढत होता. बाथरूमच्या दाराबाहेर मावशींचं अर्धं शब्दकोडं सोडवून व्हायचं. शेवटी लेकीने दटावलं, "बाबा, तुम्ही आत गेलात की मला वाटतं तुम्ही तिथे भाड्याने राहता." मग ऑपरेशन झालं. पोटावर चिरा नाही, टाका नाही. लघवीच्या वाटेनेच दुर्बीण आत घालून लेझरने वाढलेला भाग काढला. फोन आला तेव्हा त्याला सव्वा महिना झाला होता.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं होतं. केस बारीक कापलेली, झपाझप बोलणारी बाई.

"बाहेरून काही दिसत नाही म्हणून आत काही झालेलं नाही असं समजू नका," त्या म्हणाल्या. "आत जखम आहे. जखम भरताना व्रण धरतो, आणि व्रणाला आकसायची खोड असते. हाताच्या कातडीवर आकसला तर चट्टा दिसतो, बाकी काही नाही. अरुंद वाटेत आकसला तर वाटच बंद करतो. आत असताना जेवढी काळजी घ्यायची तेवढी मी घेतली. बारीक दुर्बीण वापरली, जेलीची कंजुषी केली नाही, घासाघीस होऊ दिली नाही, नळी लवकर काढली. आता पुढचं तुमचं. पाणी पीत राहा. जोर लावू नका. जळजळ झाली, ताप आला, तर अंगावर काढू नका. आणि धार बारीक झाली तर लगेच या. 'बघू' म्हणू नका. लवकर आलात तर छोटं काम असतं. तो व्रण निबर झाला की पुन्हा ऑपरेशन, आणि ते पहिल्याइतकं सोपं नसतं."

मग त्या मावशींकडे वळल्या. "तुम्ही कान ठेवा. पुरुषमाणसं सगळं खरं सांगतात, धारेबद्दल सोडून."

"म्हणजे आता माझ्यावर पहारा," धडामराव म्हणाले.

"पहारा नाही हो," मावशी म्हणाल्या. "श्रोतृवर्ग."

आणि खरोखर, पहिले काही आठवडे ऐकण्यासारखेच होते. दार लोटलेलं, आणि आत नळ सोडल्यासारखी धार. धडामराव किल्ला जिंकून आल्यासारखे बाहेर यायचे आणि विचारायचे, "ऐकलंस?" मावशी कोड्यातून मान वर न करता म्हणायच्या, "ऐकलं. मागच्या रांगेत सुद्धा पोचलं." तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर धार मोजून कागदावरचा आलेख दाखवला. छान उंच डोंगर आला होता, चढ आणि उतार दोन्ही सुरेख. धडामरावांना तो कागद घरी नेऊन चौकटीत लावायचा होता. मावशींनी नको म्हटलं, पाहुणे आले की काय सांगायचं.

त्यातच तो फोन.

घराला उधाण आलं. माळ्यावरचं घमेलं उतरवलं, त्याचा मुलामा दोन ठिकाणी उडाला होता, धडामराव म्हणाले चांगलंच झालं, आवाज जरा खरबरीत येईल. बैठकीच्या खोलीत प्लॅस्टिक अंथरून नदी सुरू झाली. फडकं सुती की लोकरी, पत्रा किती तिरका, यावर जेवणं थंड व्हायला लागली. लेक घरी आली तर जिन्यातूनच ओरडली, "आई, वरच्या मजल्यावर पाइप फुटलाय का?" आठवड्यातून तीनदा नगरगृहात तालीम. चूपसाहेब आता चाकाच्या खुर्चीतून यायचे, पण "चूप" अजून तसाच, सबंध सभागृह गपगार. कॉम्प्युटरवाली तरुण मंडळी पहिल्या दिवशी हाताची घडी घालून बसली होती. धडामरावांनी नळी उचलली, मनगट जरा सैल सोडलं, आणि नदी आली. त्यातल्या एकीने घडी सोडली आणि खुर्ची पुढे ओढली.

आणि मावशी. विशीत ज्या आवाजासाठी घसा दाबून दाबून घरी मध चाटावा लागायचा, तो आवाज आता नुसतं तोंड उघडलं की येत होता. दमलेला, किंचित चिरलेला, तळाशी ऊब असलेला. इतकी वर्षं त्या या भूमिकेच्या वयाकडे चालत आल्या होत्या, आणि आता नेमक्या पोचल्या होत्या. तालमीहून घरी येताना त्या वाटभर गुणगुणत असायच्या. शेजारणीने विचारलं, "लग्न आहे का घरात?" मावशी म्हणाल्या, "त्याहून मोठं."

अशा गडबडीत कान जरा ढिला पडतोच. धडामराव पाणी कमी पितात हे मावशींना दिसलं होतं. तालमीत मध्येच उठून जातात, आणि जास्त वेळ लावतात, हेही दिसलं होतं. बाथरूमचं दार आता लोटलेलं नसून कडी लावलेली असते, तेही. कुठेतरी पाणी मुरतंय असं एकदा मनात येऊन गेलं. पण घरी दाराबाहेर कान दिला की धार ऐकू यायची, चांगली भरघोस, आणि मावशींचा जीव भांड्यात पडायचा. आयुष्यभर त्यांनी डोळ्यांपेक्षा कानांवरच भरवसा ठेवला होता.

प्रयोग रविवारी होता. त्याच्या आधीच्या बुधवारी सकाळी मावशी बाथरूमच्या बाहेर उभ्या होत्या, हातात धुवायचे कपडे. आत धार चालू होती. मोठी, अखंड, डौलदार. मग ती हळूहळू बारीक होत गेली, जशी नाव काठाला लागताना नदी मागे सरते.

टप, टप.

एवढीशी उसंत.

टप.

"आज कुणाला आणलंस गं नदी?" मावशी म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेले आणि मग त्यांचे त्यांनाच ऐकू आले. हातातले कपडे तसेच. आपण काय बोललो हे कळायच्या आधी आपण ते का बोललो हे मावशींना कळलं होतं. माणसाच्या देहातून येणारं पाणी असं संपत नाही. असं फक्त वल्हं निथळतं.

बाथरूममध्ये पाण्याचा मग कुणाच्या तरी हातातून सुटला आणि बादलीत पडला. धडाम.

कडी निघाली. धडामराव दारात उभे, खांद्यावर ओला टॉवेल, शाळेत पकडलेल्या मुलाचं तोंड. मागे कमोडच्या काठावर दुसरा टॉवेल नीट तिरका पसरलेला.

"ही नदी माझ्या घरात कधीपासून वाहतेय?" मावशींनी विचारलं.

"झाले आठ-दहा दिवस."

"आणि खरी धार?"

धडामरावांनी दोन बोटं चिमटीसारखी धरून दाखवली. सुतासारखी.

"जळजळ?"

"नाही. देवाशपथ नाही. नुसती बारीक झालीय. आणि सुरू व्हायला वेळ लागतो, पूर्वीसारखा."

"डॉक्टर काय म्हणाल्या होत्या?"

"मला पाठ आहे काय म्हणाल्या ते. सोमवारी जातो ना. सोमवारी सकाळी तू उठायच्या आत मी दवाखान्याच्या पायरीवर असेन. आज गेलो तर परत नळी, परत ती पिशवी. पिशवी कमरेला बांधून नदी करू मी? लोकांना दोन नद्या ऐकू येतील."

मावशींना हसू फुटलं, आणि हसू फुटलं म्हणून त्यांचा राग दुप्पट झाला.

"म्हणून माझ्या कानांना फसवायचं? माझ्या?"

"तुझ्या कानांना दुसरं कोण फसवणार होतं?" धडामराव म्हणाले. त्यात थोडा अभिमानही होता, तो त्यांना लपवता आला नाही. "आणि शेवटी कुठे फसवता आलं. हाताला सवयच तशी. हातातला मग रिकामा व्हायला आला की मनगट आपोआप वळतं."

मावशी पलंगाच्या कडेवर बसल्या. खिडकीतून रस्त्यापलीकडच्या भिंतीवर प्रयोगाची जाहिरात दिसत होती. तिच्यावर नाव होतं, 'घाटावरची मावशी'. खाली बारीक अक्षरांत, 'मूळ आवाज, मूळ नदी'.

चारच दिवस. आठ-दहा दिवस गेले तिथे आणखी चार. चार दिवसांत व्रण असा कितीसा निबर होणार? आणि आज ह्यांना दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरीणबाईंनी ठेवूनच घेतलं तर? चूपसाहेब दुसऱ्याची नदी घेणार नाहीत. पुन्हा कधी करायचं म्हटलं तर चूपसाहेब असतील की नाही कोण सांगणार. आणि हा आवाज, इतक्या वर्षांनी घशात पिकून आलेला, तो कुणाला ऐकवायचा, शेजारणीला?

"बघू," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. शब्द जिभेच्या टोकापर्यंत आला, आणि तिथे त्यांनी तो ओळखला. तोच शब्द. नेमका हाच म्हणू नका असं त्या बाईने बजावलं होतं, आणि तेव्हा मावशींना वाटलं होतं की हे ह्यांना उद्देशून आहे.

त्या उठल्या. "चपला घाला."

"अगं, पण रविवार..."

"रविवारचं रविवारी. नाटक नाही झालं तर चार लोक हळहळतील. तुमची वाट बंद झाली तर मी काय, ओला टॉवेल ऐकत बसू जन्मभर?"

धडामरावांनी चपला घातल्या. जिन्यात ते एकदा थांबले. "चूपला काय सांगायचं?"

"काही नाही सांगायचं. अजून काही झालेलंच नाही."

दवाखान्यात आधी लघवी तपासायला दिली, जंतूंचा काही प्रकार नाही हे बघायला. मग तो मोजणीचा कक्ष. कोपऱ्यात स्टॅंडवर एक मोठं नरसाळं, खाली भांडं, भांड्याखाली यंत्र. धडामरावांनी नरसाळ्यावर बोट वाजवून पाहिलं.

"प्लॅस्टिक," ते नाक मुरडून म्हणाले. "याच्यावर काय आवाज येणार."

"ते यंत्र ऐकत नाही, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वजन करतं. त्याला फसवता येत नाही."

धडामरावांनी नरसाळ्यावरचं बोट मागे घेतलं. मावशी छताकडे बघत राहिल्या.

कागद बाहेर आला. या वेळी डोंगर नव्हता. रेघ जराशी वर चढली आणि मग टेबलासारखी सपाट, लांबच लांब. डॉक्टरीणबाईंनी जुना कागद काढून शेजारी ठेवला. कुणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

"मी बारीक दुर्बिणीने आत बघते," त्या म्हणाल्या. "बधिर करणारी जेली घालीन. अवघडल्यासारखं होईल, पण सोसेल. अरुंद वाट दिसली आणि ती मऊ असली तर आजच मोकळी करीन. निबर असली तर वेगळं बोलू. आणि रविवारचं तुम्ही जे काही सांगताय, त्याचं वचन मी आत्ता देणार नाही."

मावशी बाहेरच्या बाकावर बसल्या. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याला आवाज नव्हता. त्यांना आठवलं, स्टुडिओतलं घड्याळही असंच मुकं होतं, मुद्दाम मागवलेलं, टिकटिक आत जाऊ नये म्हणून. भिंतींना जाड लोकरी कापड, तापलेल्या दिव्यांचा वास, आणि काचेपलीकडे चूपसाहेबांचं वर केलेलं बोट. ते बोट खाली येईपर्यंतचा क्षण सगळ्यांत लांब असायचा. चूपसाहेब इतका मोठा माणूस, पण तेसुद्धा घाम पुसायचे. आणि शेजारी, घमेल्यापाशी, एक किडकिडीत तरुण अंगठा नळीच्या तोंडावर दाबून दोन वेण्यांच्या मावशीकडे बघून डोळा मारायचा. दर रविवारी. एकही रविवार चुकला नाही.

दार उघडलं. डॉक्टरीणबाई हातमोजे काढत बाहेर आल्या.

"दुधावर पहिली साय धरते ना, तशी," त्या म्हणाल्या. "मूत्राशयाच्या तोंडाशी गोल कडं धरलं होतं, पण अजून अगदी कोवळं. एकापेक्षा एक जाड नळ्या सावकाश घालून मोकळं केलं. फाडावं लागलं नाही. खरं सांगते मावशी, महिनाभर थांबला असतात तर ही साय खरवडून निघाली नसती."

मावशींनी बाकाचा हात घट्ट धरला. "म्हणजे ऑपरेशन...?"

"पहिलं नीटच झालं होतं. काही लोकांचं शरीर जखम भरताना जरा जास्तच उत्साह दाखवतं."

"ह्यांचं सगळंच तसं," मावशी म्हणाल्या.

"नळी ठेवलीय. शुक्रवारी काढू. पण काम संपलेलं नाही. ते कडं पुन्हा आकसायला बघणार. काही आठवडे त्यांना स्वतःच एक मऊ, बारीक नळी रोज एकदा घालून काढावी लागेल. स्वच्छ हात, भरपूर जेली, अजिबात घाई नाही. मी शिकवते. पुष्कळ लोक घाबरतात. त्यांचा हात स्थिर आहे ना?"

"डॉक्टर," मावशी म्हणाल्या, "त्या हाताने नदी वाहवलीय."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही, मग मावशींनी सगळं सांगितलं. टॉवेल, पाण्याचा मग, थेंब, आणि तोंडातून निसटलेलं वाक्य. डॉक्टरीणबाई भिंतीला टेकून इतक्या हसल्या की पलीकडच्या खोलीतून परिचारिका बघायला आली.

"एरवी माझ्याकडे लोक पूर्ण बंद पडल्यावर येतात," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "धार फार सुंदर संपली म्हणून कुणी आलं नव्हतं."

शुक्रवारी नळी निघाली. त्याच दुपारी धडामराव नवं काम शिकले, पहिल्या खेपेला कपाळावर घाम, दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनाच सूचना, की जेली जरा कोमट असती तर बरं. शनिवारी ते रंगीत तालमीला उभे राहिले. चूपसाहेबांनी विचारलं, "दोन दिवस कुठे होतास?" धडामराव म्हणाले, "नदीतला गाळ काढत होतो." चूपसाहेबांनी पुढे विचारलं नाही. त्यांचंही वय झालेलं, त्यांना बहुधा समजलं असावं.

आणि रविवार आला.

सकाळी दहालाच नगरगृह भरलं. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक भिंतींना टेकून उभे राहिले. पडद्याच्या फटीतून मावशींना दिसलं, पांढऱ्या केसांच्या रांगाच्या रांगा, आणि त्यांनी सोबत आणलेली नातवंडं. तिसऱ्या रांगेत लेक, तिच्या शेजारी बारीक केसांच्या डॉक्टरीणबाई. पडद्यामागे घमेलं तयार, पत्रा तिरका, फडकं भिजवलेलं. पहिली घंटा झाली.

घमेल्यापाशी माणूस नव्हता.

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. त्या पडद्यामागच्या अरुंद बोळातून, दोरांवरून पाय उचलत, मागे धावल्या. धावल्या म्हणजे त्यांना जेवढं जमतं तेवढं. बोळाच्या शेवटी बाथरूम. दार नुसतं लोटलेलं.

त्या बाहेर थांबल्या. साडीचा पदर सावरला. श्वास रोखला.

आत आधी काहीच नाही. मग सुरू झालं. आणि काय आवाज होता तो. त्यात सफाई नव्हती, लय नव्हती, कारागिरी तर नावाला नव्हती. मध्येच जोरात, मध्येच बाजूला गेल्यासारखं, पुन्हा जोरात, कुठल्याही ध्वनीवाल्याने हा तुकडा फेकून दिला असता. आणि भरभरून. संपताना डौल नाही, उसंत नाही, तिसरा थेंब नाही. जसं सुरू झालं तसं धसमुसळेपणाने थांबलं. मावशी कान देऊन ऐकत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आयुष्यभरात त्यांनी इतकं वाईट सादरीकरण ऐकलं नव्हतं, आणि इतकं गोडही.

धडामराव हात पुसत बाहेर आले.

"ऐकलंस?"

"ऐकलं," मावशी म्हणाल्या. "शेवट पार फसला."

"वाटलंच मला. शेवटी हात वापरला नाही ना."

दुसरी घंटा झाली. दोघं बोळातून पुढे आले, आता धडामराव पुढे, मावशी मागे, दोघांपैकी कुणाचाच पाय दोराला अडला नाही. पडदा सरकला. चाकाच्या खुर्चीतून चूपसाहेबांनी बोट वर केलं, आणि त्यांचा तो एकच शब्द सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. चूप.

धडामरावांनी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. मावशींकडे बघितलं, डोळा मारला.

मग नदी आली. भिंतींवरून, खुर्च्यांखालून, पांढऱ्या केसांमधून. मग वल्ही. मग वल्हं वर निघालं, नावेवर टेकलं.

टप, टप.

उसंत आज जरा लांबली. मावशींना माहीत होतं, तो मुद्दाम लांबवतोय, त्यांना छळायला. त्या थांबल्या. सगळं सभागृह त्यांच्याबरोबर थांबलं.

टप.

"आज कुणाला आणलंस गं नदी?" मावशी म्हणाल्या, आणि आवाज कुठूनही ओढून आणावा लागला नाही.